दोन कॅमेऱ्यांची वाटणी

५ जानेवारी १९९७, रविवार

साखर कारखान्याची डायरी दरवर्षी फुकट येते आणि दरवर्षी दानेश्वरी तिच्यात दुधाचे खाडे मांडते. यंदा मी आधी पळवली. मला कुठंतरी बोलायला पाहिजे, आणि बायकोला सांगायला जावं तर ती माझ्या भावाचीच बाजू घेते.

आज वाटणी झाली. अप्पा गेल्याला, लिंगैक्य झाल्याला, वर्ष झालं. अप्पा म्हणजे आमचे वडील, बसलिंगाप्पा फोटोवाले, लक्ष्मीपुरीतले. शहरातल्या निम्म्या घरांत भिंतीवर जो म्हातारा हार घालून बसलाय, तो अप्पांनी जिवंतपणी बसवलेला असतो.

आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. दुकानाचे दोन गाळे, मध्ये भिंत, त्यात काही भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर कॅमेऱ्यांवरून. रंगीत लग्नांचे आजकालचे कॅमेरे कुणीही घ्या हो. मी म्हणतोय ते अप्पांचे दोन जुने जर्मन कॅमेरे, पेच फिरवून लेन्स बसवायचे, वर नळीसारखा रेंजफाइंडर लावून अंतर मोजायचे. एक अप्पांच्या रोजच्या वापरातला; काळा रंग झिजून आतलं पितळ वर आलंय, लेन्सवर बारीक चरा. दुसरा मखमलीतला, कोरा करकरीत, लेन्स स्वच्छ. दोन्ही चांगल्या वस्तू एकाच्याच पदरात पडू नयेत म्हणून मी डोकं लढवलं. झिजलेल्या कॅमेऱ्याला स्वच्छ लेन्स, कोऱ्या कॅमेऱ्याला चऱ्याची लेन्स. पेच दोन्हींचे सारखेच. फिरवून बघितलं तर लोण्यासारख्या बसल्या. अव्वा, आमची आई, म्हणाली, शिवा, न्याय केलास.

धाकट्यानं, वीरेशनं, झिजलेला उचलला. कानाजवळ नेला, खटका दाबला, डोळे मिटले. नाटकं नुसती. त्याचं लक्ष स्वच्छ लेन्सवर होतं हे मला काय कळत नाही?

११ जानेवारी, शनिवार

पहिला रोल धुतला. दानेश्वरीला खिडकीजवळ बसवलं होतं. रेंजफाइंडरमधून तिच्या डोळ्यांवर अंतर घेतलं, तेवढंच लेन्सवर लावलं. फोटोत डोळे लोकरीसारखे धूसर आलेत. कानातल्या फुलांचा मात्र मोतीन्‌मोती मोजून घ्या.

"मी सगळी कानातच हाय व्हय हो?" म्हणाली आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही. चऱ्याच्या लेन्सनं घात केला, दुसरं काय. भिंतीपलीकडून वीरेशच्या गाळ्यातले गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. त्याच्याकडं माणसं खुर्चीत बसल्यावर हसतात. माझ्याकडं बसली की देवळात आल्यासारखी गप्प होतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वीरेश तिळगूळ घेऊन आला, पाया पडला. मी विचारलं, कॅमेरा कसा आहे. म्हणाला, अजून हात बसंना अण्णा. अप्पांनी ज्याच्या हातावर हात ठेवून शिकवलं त्याचा हात बसंना म्हणे! मी बी.कॉम. करत होतो तेव्हा हा अप्पांच्या स्कूटरवर मागं बसून जोतिबा, नरसोबाची वाडी हिंडत होता. नापास झाला त्या वर्षी तर अप्पांनी त्याला दंडच दिला की दिवसभर अंधाऱ्या खोलीत आपल्याबरोबर काम करायचं. असला दंड मला कधी झाला नाही. मी गल्ल्यावर.

तिळगूळ गोड होता. त्याच्या बायकोच्या, सुष्मिताच्या हाताला चव आहे, तेही त्याच्याच नशिबात.

२३ जानेवारी, गुरुवार

आज बाळासो आले होते. पेठेतल्या तालमीचे अध्यक्ष. तालमीचं शंभरावं वर्ष चाललंय. पाडव्याला हॉलमध्ये हयात असलेल्या सगळ्या वस्तादांचे मोठे फोटो लावायचे आहेत. तिथं जुन्या पैलवानांचे अप्पांनी काढलेले फोटो आधीपासून आहेत, त्यांच्याच ओळीत. म्हणून अट अशी की काळे-पांढरेच पाहिजेत आणि अप्पांच्याच कॅमेऱ्यानं काढलेले.

"आता कॅमेरा दोघांकडं हाय म्हनं. मग दोघांनीबी ज्ञानू वस्तादांचा एकेक काढा. ज्याच्यात बसलिंगाप्पा दिसंल त्यानं बाकीचं काढायचं."

हे बाळासो सहज बोलून गेले आणि चहा पिऊन उठले. मी मात्र तेव्हापासून खुर्चीतच आहे. म्हणजे पाडव्याला अख्खी पेठ ठरवणार की अप्पांचा हात कुणाच्यात आला. घरात ते कधीच ठरलं होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. आता भिंतीवर खिळा मारून सांगणार.

मला हे काम पाहिजे. देवाशप्पत पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

तालमीत दोघांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ज्ञानू वस्ताद सत्तरीच्या पुढचे, मान बैलासारखी, कान कुस्तीत मोडून भज्यासारखे झालेले, मिशा खांद्याकडं निघालेल्या.

माझ्या फोटोत कान आला होता. असा आला होता की आयुष्यभराच्या कुस्त्या त्या कानात वाचाव्यात. वीरेशच्या फोटोत मिशी आली होती. एकेक केस वेगळा, तुपाचा हात लावलेला सुद्धा दिसत होता. झालं, कमिटीत दोन तट पडले. निम्मे म्हणाले पैलवान कानावर ओळखतात, निम्मे म्हणाले मिशीशिवाय वस्ताद कसला. आवाज एवढे चढले की आखाड्यातली पोरं लंगोटावर बघायला आली.

ज्ञानू वस्तादांनी दोन्ही फोटो लांब धरून बघितले, जवळ धरून बघितले.

"कान माझाच हाय, मिशीबी माझीच हाय," ते म्हणाले, "पर पावणं, माझं डोळं कुठं हायती?"

पुन्हा काढून आणा, कमिटी म्हणाली. पण मी बाहेर पडताना एक गोष्ट बघितली. वीरेश माझ्या फोटोकडं बराच वेळ बघत उभा होता. मग स्वतःच्या. मग परत माझ्या. तोंड उतरलेलं. कानाचा हेवा वाटला असणार. लई बरं वाटलं मला. येताना गंगावेशीत थांबून धारोष्ण दूध प्यालो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आता माझी खात्रीच झाली की त्या चऱ्याच्या लेन्समध्ये काहीतरी आहे.

दुपारी वीरेश माझ्या गाळ्यात आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "अण्णा, तुझी लेन्स एक दिवस देतोस? माझी तू घे. बदलून बघूया, मला एक शंका हाय. तुझा कान..."

"माझ्या कानाचं तू सोड," मी म्हणालो.

"अरे ऐक की. मागनं बघ, लेन्सवर आतल्या कडेला..."

मी उठून शटर निम्मं ओढलं. म्हणालो, वाटणी झाली, तू आधी उचललंस, तुझ्या मनासारखं उचललंस. आता माझ्या वाट्यात हात घालायचा नाही. तो शटरखालून वाकून बाहेर गेला.

आता सांगा, स्वच्छ लेन्स हातात असताना चऱ्याची कोण मागतं? कोणीच नाही. ज्याला तिचं गुपित ठाऊक आहे तोच मागतो. अप्पांनी त्याला अंधाऱ्या खोलीत काहीतरी सांगून ठेवलेलं आहे. रोजच्या कामाला अप्पा हीच लेन्स वापरत होते, उगीच नाही. मला सांगितलं नाही. मला फक्त गल्ल्याच्या किल्ल्या दिल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

अव्वा हा महिना आमच्याकडं जेवते, पुढचा वीरेशकडं. आज भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तम्मा काय तर मागत हुता तुझ्याकडं. दे की रे शिवा." म्हणजे वीरेशनं, तिच्या तम्मानं, तिला मध्ये घातलंय. मी विचारलं, अप्पांनी त्या लेन्सबद्दल कधी काही सांगितलं होतं का. अव्वाला लेन्स आणि काचेचा पेला यात फरक नाही. पण एक गोष्ट ती बोलली. अप्पा दोन्ही कॅमेरे कधी एकदम उघडत नसत. एक पुसायचे, बंद करून कपाटात ठेवायचे, कुलूप घालायचे, मग दुसरा काढायचे. तिनं एकदा साफसफाईत दोन्ही एका चटईवर मांडले तर अंगावर ओरडले होते. जन्मात एकदाच ओरडले, म्हणाली, म्हणून ध्यानात राहिलं.

अप्पांचं सोवळंच होतं ते. प्रत्येक गोष्टीत शिस्त. मला त्यात काही गुपित दिसलं नाही.

लेन्स आता खिशात घेऊन हिंडतोय. दानेश्वरी म्हणते, उशाशी घेऊन झोपा, नाहीतर वीरेश भावजी खिडकीतून येतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्यांदा फोटो नेला. या वेळी लेन्सचं तोंड अगदी बारीक केलं आणि चार दिवे लावले. नाकापासून कानापर्यंत सगळं आलं, डोळेही आले. बाळासो बघून म्हणाले, "शिवप्रसाद, हे बॅंकेच्या पासबुकाला लावायचं झालं की हो. तुमच्या अप्पांच्या फोटूत मागचं धूसर व्हतं आन् मानूस म्होरं येतं. इथं भिंतबी म्होरं आली." मान खाली घालून ऐकलं.

वीरेशनं फोटो आणलाच नाही. म्हणाला, अजून जमलं नाही. जमलं नाही म्हणणाऱ्याचं कौतुक होतं आमच्याकडं. बाळासो त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, कलाकार हाय पोरगं, घाईचं न्हाय. पोरगं! छत्तीस वर्षांचा घोडा! आणि मी काय, बॅंकेचा कारकून?

घरी आल्यावर जेवलो नाही. दानेश्वरी समोर बसली आणि म्हणाली, तुम्हाला फोटो पाहिजे का भावजींचा पराभव पाहिजे, एकदा ठरवा. मी म्हणालो, दोन्ही. खरं तेच सांगितलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वीरेश पन्हाळ्याला जाऊन डोंगराचे फोटो काढून आला म्हणे. सुष्मितानं दानेश्वरीला सांगितलं, सगळा रोल टाकून दिला, डोंगर धुक्यात गेल्यासारखा आलाय, त्या दिवशी तर कडक ऊन होतं. ऐकून मला बरं वाटलं. स्वच्छ लेन्स घेतली होती ना? घे.

बरं वाटलं, पण ते जेवणापर्यंत टिकलं नाही. डोंगर तर सगळ्यांत सोपा. अंतर शेवटाला लावायचं आणि खटका दाबायचा. वीरेशचा डोंगर कसा चुकेल? मुद्दाम टाकून दिला असेल, अजून चांगला काढायचा म्हणून. असलाच आहे तो.

७ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. सगळ्यांचा उपवास. अव्वा आता वीरेशकडं असते. सकाळी पूजा उरकून ती आमच्याकडं आली, पदराच्या टोकात काहीतरी बांधलेलं. सोडलं तर अप्पांच्या जुन्या उपरण्याचा तुकडा, आणि त्यात ती स्वच्छ लेन्स.

"तम्मानं दिलीया. म्हनाला, अण्णाला दे. तालमीचं काम अण्णानंच करू दे, नाव अप्पांचंच लागतंय. आन् परत न्हाय मागायची म्हनाला."

मी विचारलं, बदल्यात काय पाहिजे त्याला. अव्वा म्हणाली, काय न्हाय. आणि खिचडी न खाताच गेली.

दोन्ही लेन्सा आता माझ्याकडं आहेत. जिंकलो म्हणायचं की हे! मग सकाळपासून त्यातली एकही हातात घ्यावीशी का वाटत नाही?

८ मार्च, शनिवार

लिहायला हात वळत नाही, तरी लिहितो.

सकाळी स्वच्छ लेन्स माझ्या कोऱ्या कॅमेऱ्यावर फिरवली. दानेश्वरीला त्याच खिडकीशी, त्याच खुर्चीत बसवलं. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं. डोळ्यांवर अंतर घेतलं. दुपारी कागद पाण्यात हलवताना तिचे डोळे वर आले. आधी पापण्या, मग बुबुळात खिडकी, खिडकीला गज. कान मऊ, मागची भिंत कुठंच नाही. अप्पांचा फोटो. मी काढलेला अप्पांचा फोटो! अंधाऱ्या खोलीत एकटाच ओरडलो.

मग मी लेन्स काढून उलटी धरली. वीरेश त्या दिवशी सांगत होता ती मागची आतली कड. तिथं सुईनं कोरल्यासारखे तीन आकडे आहेत. माझ्या कॅमेऱ्याच्या माथ्यावर जो लांब नंबर आहे, त्याचे शेवटचे तीन आकडे तेच. खिशातली चऱ्याची लेन्स काढली. तिच्यावरचे तीन आकडे वेगळे.

बसून नीट विचार केला. त्या सुरुवातीच्या काळात कंपनी एकेक लेन्स एकेका कॅमेऱ्यावर बसवून, घासून, जुळवून देत असणार. पेच सगळ्यांचे सारखे, पण लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येकाचं केसभर वेगळं. दुसऱ्याची लेन्स बसते, घट्ट बसते, पण नेम चुकतो. माझा नेम मागं कानावर, त्याचा पुढं मिशीवर. एकाच चुकीची दोन टोकं. ते दोन फोटो शेजारी ठेवलेले बघूनच त्याला कळलं होतं. त्याचा डोंगरही म्हणूनच धुक्यात गेला. आणि अप्पा दोन्ही एकदम उघडत नव्हते ते सोवळं नव्हतं. गल्लत होऊ नये म्हणून होतं.

गल्लत मी केली. न्याय म्हणून केली.

हे सगळं कळलं, आणि पहिला विचार काय आला? की हे त्याला माझ्या आधी कळलं. दुसरा विचार, की तो देऊन मोकळा झाला. दोघांकडं दोन अर्धे राहण्यापेक्षा अण्णाचं तरी एक पुरं होऊ दे, असा हिशोब केला त्यानं. देण्यातही पुढं गेला लेकाचा.

१६ मार्च, रविवार

ज्ञानू वस्तादांचा फोटो पास झाला. कमिटीत वाद झाला नाही. वस्ताद फोटो छातीशी धरून म्हणाले, आलं की डोळं. बाळासो म्हणाले, बसलिंगाप्पा दिसला. जे ऐकायला जानेवारीपासून तडफडत होतो ते ऐकलं. आता बाकीच्या वस्तादांना वेळा दिल्यात.

चऱ्याची लेन्स अजून माझ्या खिशात आहे. माझ्या कॅमेऱ्याला तिचा काही उपयोग नाही. जगात एकाच कॅमेऱ्याला उपयोग आहे, तो भिंतीपलीकडं आहे. रोज सकाळी ठरवतो आज नेऊन द्यायची. रोज शटर उघडतो, त्याच्या गाळ्यातलं हसणं ऐकू येतं, आणि हात खिशातच राहतो. कारण ही दिली की त्याचा कॅमेरा पुरा होणार. आणि तो पुरा झाला की सगळ्यांना कळणार, अप्पांचा रोजचा कॅमेरा, रोजची लेन्स आणि अप्पांनी शिकवलेला हात एकत्र आल्यावर काय होतं ते. मग माझा फोटो नुसता चांगला ठरणार.

मला नको असलेली वस्तू मला देववत नाही. असं माणूस असतं का? असतं. त्याचं नाव शिवप्रसाद.

२३ मार्च, रविवार

दानेश्वरीनं शर्ट धुवायला घेताना खिशातली लेन्स काढली, टेबलावर ठेवली आणि एक शब्द बोलली नाही. तिचं बोलणं परवडतं.

तशीच उचलली आणि वीरेशकडं गेलो. घरी होता. देव्हाऱ्याशेजारी अप्पांच्या फोटोपुढं तो झिजलेला कॅमेरा ठेवलेला, कपाळी विभूती लावलेला, आणि लेन्सच्या भोकावर औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलेलं. वापरायचं सोडून पूजा करत होते त्याची. मला गलबलून आलं. आणि तेवढ्यातही मनात आलंच, की अप्पांचा फोटो याच्या घरात मोठा आहे.

लेन्स त्याच्या हातावर ठेवली. म्हणालो, ही तुझ्या कॅमेऱ्याची. आकडे बघ.

त्यानं आकडे बघितलेच नाहीत. झाकण काढलं आणि लेन्स फिरवली.

"तुला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगायलाच आलतो की अण्णा. तू शटर ओढलंस."

सुष्मितानं चहा आणला. तेवढ्यात वीरेशनं रोल घातला, म्हणाला, बस तिथं खिडकीत, हलू नको. मी बसलो. त्यानं रेंजफाइंडरमधून माझ्या डोळ्यांवर अंतर घेतलं. त्याची बोटं बरोबर तिथंच पडली जिथं पितळ उघडं पडलंय. अप्पांची बोटं जिथं पडायची तिथंच. खटका वाजला.

निघताना मी म्हणालो, तालमीचे निम्मे तू काढ. बाळासोंना मी सांगतो. आणि त्यानं काही म्हणायच्या आत चप्पल घातली.

८ एप्रिल, मंगळवार

पाडवा. हॉलमध्ये वस्ताद ओळीनं लागले. खाली सगळ्यांना एकच शिक्का, अप्पांचा. बाळासोंनी ओळीवरून दोनदा फेरी मारली आणि म्हणाले, कुठला कुणाचा ते वळकंना. वीरेश हसला. मीही हसलो. मला ओळखू येत होते. प्रत्येक ओळखू येत होता. त्याचे माझ्याहून चांगले आहेत. थोडेच, पण आहेत.

संध्याकाळी अव्वा वीरेशच्या घरी जाऊन आली. वीरेशनं तिच्याबरोबर माझा फोटो पाठवला होता, त्या दिवशी खिडकीत काढलेला. त्याच्या कॅमेऱ्याचा पुरा झाल्यावरचा पहिला. दानेश्वरीनं दिव्याखाली धरला आणि बघून माझ्याकडं दिला.

डोळे आलेत. ज्ञानू वस्ताद सुद्धा तक्रार करणार नाहीत असे आलेत. फक्त ते समोर बघत नाहीत. जरा खाली बघतायत, कॅमेऱ्यावरच्या त्याच्या बोटांकडं. आणि कसे बघतायत ते कुणालाही दिसेल, काढणाऱ्याला तर दिसलंच असणार. तरी त्यानं काढला, धुतला, कोपरे नीट कापले आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं, माझा अण्णा.

मोठा करून भिंतीला लावूया का, दानेश्वरीनं विचारलं. नको म्हटलं. या पानात ठेवलाय.